१९७१ ची लढाई आणि गावची मॅट्रिकची बॅच : आठवणी हव्या आहेत

बुराईकाठची
नमस्कार मंडळी.
माझी आई १९७१-७२ साली शिंदखेड्याला अकरावीत होती. तेव्हा एसएससी म्हणजे अकरावी. आमच्या घरात अजूनही सगळे मॅट्रिकच म्हणतात. त्या वर्गातली मंडळी आता सत्तरीला आली, काही जण गेलेसुद्धा. आम्ही त्यांची मुलं मिळून त्या वर्गाची एक स्मरणिका काढतोय. १६ डिसेंबरला, विजय दिवस धरून, सगळ्यांना शाळेत एकत्र बोलवायचा बेत आहे.

अडचण अशी की कुणालाही विचारलं तरी त्याच तीन गोष्टी निघतात. रेडिओ, ब्लॅकआउट आणि ढाका पडल्यावर वाटलेली साखर. त्यापुढे गाडी सरकत नाही. मला तो वर्ग समजून घ्यायचाय. सोळा-सतरा वर्षांची पोरं, बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि ३ डिसेंबरला लढाई सुरू. त्यांच्या अभ्यासाचं, घरातल्या बोलण्याचं, पुढच्या बेतांचं काय झालं?

१९७१ वर लिहिलेलं पुष्कळ आहे. त्यात माणेकशॉ आहेत, लोंगेवाला आहे, जनरल नियाझी सही करतानाचा फोटो आहे. खानदेशातल्या तालुक्याच्या गावची अकरावी मला कुठे सापडली नाही, आणि आणखी काही वर्षांनी सांगायलाही कुणी उरणार नाही. म्हणून विचारते. तुमच्याकडे, तुमच्या आईवडिलांकडे काय आठवणी आहेत? १९६२ आणि ६५ च्या असल्या तरी चालतील. आणि या लोकांना आम्ही नेमकं विचारावं काय?

जंक्शनवाला
ताई, फार चांगलं काम हाती घेतलंत.
मी भुसावळचा. तेव्हा नववीत होतो, मोठा भाऊ अकरावीत. आमच्याकडे लढाई लांब आहे असं कुणाला वाटायचंच नाही. एका बाजूला रेल्वेचं एवढं मोठं यार्ड, दुसरीकडे ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि पलीकडे वरणगाव. वरणगावची फॅक्टरी तर चीनच्या युद्धानंतर, १९६४ साली उभी राहिली. तिथे काडतुसं बनतात हे पोराटोरांना ठाऊक होतं. वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील एकतर रेल्वेत नाहीतर फॅक्टरीत. त्या दिवसांत ते पाळीवर पाळी करून घरी यायचे आणि न बोलता झोपायचे. कुणाच्या घरी काय विचारायचं नाही, हे भावाच्या वर्गातल्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

खिडक्यांना खाकी कागद चिकटवले होते. ट्रकच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. क्वार्टरच्या गल्लीत शिट्ट्या मारत माणसं फिरायची आणि फटीतून उजेड दिसला की दार ठोकायची. शाळेच्या मैदानात चर खणले होते, ते खणले अकरावीच्या मुलांनी. पीटीच्या सरांनी सगळ्यांना पालथं पडून कोपरांवर छाती उचलून धरायला शिकवलं. भाऊ रात्री कंदील मंद करून गोधडीच्या तंबूत बसून बीजगणित करायचा. एकदा गोधडीला झळ लागली तेव्हा आईने पाकिस्तानपेक्षा भावालाच जास्त झोडपलं.

केळीचा घड
आमचा रावेर-यावल पट्टा. डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात माझ्या काकांच्या अकरावीच्या वर्गाने मळ्यात भरीत-पुरीचा बेत केला होता. पऱ्हाट्यांचा जाळ पेटवला, वांगी टाकली, तेवढ्यात पोलीस पाटील धावत आले. "अरे इझवा तो जाळ, वरून दिसते!" पोरांनी माती टाकून जाळ विझवला आणि अर्धी कच्ची वांगी ठेचून खाल्ली. आमच्या घरी भरीत नीट भाजलं गेलं नाही की अजून म्हणतात, "हे लढाईचं भरीत झालं."

सातपुडा_पाहुणी
बामणोदच्या वांग्यांचा वास कराचीपर्यंत गेला असणार. पाटलांनी धोका बरोबर ओळखला.

प्रतापकर
मला वेगळं मत मांडायचंय, राग नसावा.
मी अंमळनेरचा. १९७२ लाच मॅट्रिक झालो. भुसावळचं सोडा, तिथे कारण होतं. पण बाकीच्या खानदेशात लढाईने वर्गाचं काही बिघडलं नाही. तेरा दिवसांत सगळं आटोपलं. १६ तारखेला गुरुवार होता, संध्याकाळी बातमी आली, दुसऱ्या दिवशी शाळेत जयजयकार झाला, आणि पुढच्या सोमवारी गणिताच्या सरांनी राहिलेली प्रमेयं फळ्यावर घेतली. आता पन्नास वर्षांनी प्रत्येकाला आपण खंदकात होतो असं वाटायला लागलंय. स्मरणिका काढताना एवढं भान ठेवा. मुलं सीमेवर लढली, आम्ही रेडिओ ऐकला. दोन्ही एका मापाने मोजू नका.

खेड्यातला
आमना गावमा लाईटच नव्हती, मंग ब्लॅकआउट कसाना?

जंक्शनवाला
खेड्यातला भाऊ, हे स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायला पाहिजे.
प्रतापकर, लढलो असं कोण म्हणतंय? ताई वर्गात काय झालं ते विचारताहेत.

परळचा खानदेशी
त्या बॅचला परीक्षा न घेताच पास केलं होतं ना? आमचे एक साहेब ७२ चे, त्यांना ऑफिसात सगळे 'लढाई पास' म्हणायचे.

प्रतापकर
अजिबात नाही. मार्च १९७२ मध्ये परीक्षा झाली, सगळे पेपर झाले. नाशिकला बोर्ड नव्हतं तेव्हा, कारभार पुण्याहून चालायचा. लढाई डिसेंबरच्या मध्यावर संपली, परीक्षा अडायचं कारणच नव्हतं. तुमच्या साहेबांनी अभ्यास करून गुण मिळवले असतील. त्यांना हे नाव लावणं बरं नव्हे.

नाना_दोंडाईचा
मी त्याच बॅचचा, दोंडाईच्याचा. बोटाने टाइप करतोय, नातू शेजारी आहे, चुका पोटात घाला.

लढाई शुक्रवारी सुरू झाली. दत्तजयंती नुकतीच झालेली, सारंगखेड्याची यात्रा भरलेली. आमच्या पट्ट्यातलं पोर दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणारच. घोड्यांचा बाजार, तमाशाचे तंबू, गोडीशेव. आम्ही वर्गातले पाच-सहा जण यात्रेतच होतो. संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी अमृतसर, पठाणकोट, आग्रा अशा विमानतळांवर बॉम्ब टाकले, हे आम्हाला त्या रात्री कळलंच नाही. इंदिराबाई रेडिओवर बोलल्या मध्यरात्र उलटल्यावर. सकाळी चहाच्या पालावर रेडिओभोवती ही गर्दी. घोडेवाल्यांमध्ये आवई उठली की सरकार घोडे जमा करणार. मग काय, काही जणांनी पडेल त्या भावाला घोडे विकले आणि काहींनी रातोरात परतीची वाट धरली. आमच्या वर्गातल्या एका पोराच्या वडिलांनी त्या गडबडीत एक चांगली घोडी घेतली. ती पुढे कितीतरी वर्षं लग्नांच्या वरातीत नाचली.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ब्लॅकआउट सुरू झाला तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मार्गशीर्षातलं स्वच्छ आकाश, लख्ख चांदणं. गावात दिवे बंद आणि चौकातलं वडाचं पान न् पान दिसतंय. म्हातारी माणसं म्हणायची, सरकारने चंद्राला नोटीस दिली नाही वाटतं. आम्ही पोरं त्या चांदण्यात ओट्यावर बसून इतिहासाचं पाठांतर करायचो. पुढे कृष्णपक्ष लागला, ढाका पडली तेव्हा अमावास्या जवळ आलेली. तेव्हाचा अंधार मात्र खरा होता.

प्रतापकर म्हणतात ते मला पटतं. आम्ही लढलो नाही. पण काहीच झालं नाही, हेही खरं नाही. भूगोलाच्या सरांनी भिंतीवर नकाशा लावला होता. सकाळी दिल्लीहून मराठी बातम्या लागायच्या. त्या ऐकून एक जण रोज जेसोर, खुलना, कोमिल्ला अशा नावांवर खुणा करायचा. आमच्या बापजाद्यांनी सुरतेच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्या तेरा दिवसांत आम्हाला पद्मा आणि मेघनेचे फाटे पाठ झाले. पुढे माझा एक वर्गमित्र पोस्टात लागला, तो सांगायचा की देश केवढा आहे हे त्याला त्या भिंतीवर कळलं.

बुराईकाठची
नाना, काय लिहिलंत! चांदण्याचं आईला विचारलं, ती म्हणाली, "हो की गं, आम्ही मुली अंगणात सुया घेऊन बसायचो." वर्गातल्या मुलींनी जवानांसाठी लोकरीचे मोजे विणले होते, हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं!

अभ्यासू_धुळेकर
उत्तम धागा. एक सावधगिरी सुचवतो. लोकांच्या आठवणींत १९६५ आणि १९७१ ची सरमिसळ फार होते. माझे मामा ठासून सांगतात की ७१ मध्ये आम्ही सोमवारी संध्याकाळी जेवायचो नाही. ते शास्त्रीजींचं आवाहन, १९६५ चं. ती लढाई सप्टेंबरमध्ये, २३ तारखेला युद्धविराम झाला, म्हणजे सहामाहीच्या आसपास. सोनं दिलं, अंगठ्या दिल्या, हे बहुतेक १९६२ चं, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हाचं. म्हणून माणसाला साल विचारू नका. कितवीत होतात, कोणत्या वर्गशिक्षकांकडे होतात, थंडी होती की पाऊस, ते विचारा. साल आपोआप निघतं.

७१ ची एक पक्की खूण सांगतो. १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. पूर्व बंगालमधून जवळपास एक कोटी माणूस आपल्याकडे आलं होतं. घरात जुनी पत्रं असतील तर त्यावर ते तिकीट शोधा. पत्र त्याच काळातलं आहे की नाही हे ठरवायला मदत होईल.

सातपुडा_पाहुणी
तिकिटाची माहिती कामाची आहे. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत गठ्ठा आहे पत्रांचा, आजच उघडते.

माणिकचौक
मी नंदुरबारचा. युद्धकाळातली शाळा म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव १९४२ चं निघतं. ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी पोरांचा मोर्चा, तिरंगा हातात, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं" ही गुजराती घोषणा, आणि पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास. शिरीष तर सोळाचाही नव्हता. तेव्हाही महायुद्ध चालूच होतं. युद्धातल्या वर्गाबद्दल बोलताना यांना वगळून कसं चालेल?

परळचा खानदेशी
विषय ७१ चा आहे दादा. ४२ साठी वेगळा धागा काढा ना.

माणिकचौक
वेगळा धागा नको, कारण याचा ७१ शी संबंध आहे. माझे वडील ४२ मध्ये नंदुरबारला शाळेत होते. गोळीबारानंतर त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्यानंतरच्या धरपकडीच्या भीतीने आजोबांनी त्यांना मामाच्या गावी लपवून ठेवलं. वडिलांचं मॅट्रिक राहिलं, ते कायमचं.

आता १९७१. माझा मोठा भाऊ अकरावीत. ४ डिसेंबरला तो घरी येऊन म्हणाला, मी फौजेत जातो, भरती निघेल. वडील झोपाळ्यावर बसले होते. एवढा देशासाठी शाळा सोडलेला माणूस, आम्हाला वाटलं पाठीवर थाप देईल. ते म्हणाले, "आधी मार्चचा पेपर दे. निकाल हातात घे आणि मग जिथे जायचं तिथे जा. मी स्वतः सोडायला येतो." भाऊ दोन दिवस बोलला नाही. परीक्षा दिली. जूनमध्ये वडील खरंच त्याला घेऊन भरतीला गेले, छातीच्या मापात तो राहिला. मग धुळ्याला कॉलेजात गेला.

ताई, तुम्ही काय विचारायचं म्हणालात ना? त्या वेळी बाप काय म्हणाला, हे विचारा. ७१ च्या पोरांचे बाप हे ४२ ची पोरं होती.

नाना_दोंडाईचा
माणिकचौक, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. माझ्या वडिलांचंही ४२ ने शिक्षण सुटलेलं. कधी असा विचार केला नव्हता.

पीजे_प्रवासी
माझे वडील पाचोऱ्याच्या बाजूचे, शाळेला पाचोरा-जामनेर गाडीने यायचे. त्या छोट्या गाडीत सगळा वर्ग भरलेला, आणि एकाच्या खांद्यावर ट्रान्झिस्टर. रेडिओला तेव्हा लायसन लागायचं, पोस्टात पैसे भरून. हा गडी बिनलायसनचा ट्रान्झिस्टर दप्तरात घालून आणायचा, आणि गार्डच तो आधी मागून घ्यायचा, बातम्या ऐकायला. आपली खुकरी युद्धनौका बुडाल्याची बातमी वडिलांनी त्या डब्यात ऐकली. ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीने बुडवली ती. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. वडील सांगतात, तोवर डब्यात रोज घोषणा चालायच्या, पोरं कराची पेटली म्हणून नाचायची. त्या दिवशी पाचोरा येईपर्यंत कुणी बोललं नाही. लढाईत आपलीही माणसं मरतात हे त्या डब्यातल्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

नव्याण्णवची बॅच
मी कारगिलच्या वर्षी दहावीत गेलो, चोपडा. आमच्याकडे तोवर टीव्ही आलेला, त्यामुळे सगळं घरात दिसायचं. पण तुमच्यासारखा भिंतीवरचा नकाशा आमच्या वर्गात नव्हता. तोलोलिंग, टायगर हिल ही नावं टीव्हीने सांगितली, आणि टीव्ही बंद केला की विसरली. हे वाचून हेवा वाटला.

प्रतापकर
पीजे, तुमच्या वडिलांचं खरं आहे. मी आधी लिहिलं त्यात बदल करत नाही, पण ही आठवण स्मरणिकेत हवीच.

रजिस्टरबाबा
मी एका हायस्कूलमध्ये लेखनिक होतो, आता निवृत्त. कामाचं सांगतो.

आठवणी आधी घेऊ नका. आधी शाळेचं जनरल रजिस्टर काढा. १९७१-७२ ची अकरावी, प्रत्येक नाव. सोबत त्या वर्षाची हजेरी सापडली तर सोनं. ती बहुतेक रद्दीत जाते, पण जनरल रजिस्टर कायमचं जपून ठेवायचं असतं, ते असणारच. शिक्षकांची सूचना वही मिळाली तर बघा. शाळा किती वाजता सोडली, चर कधी खणले, कोणत्या निधीला किती जमले, हे मुख्याध्यापकांच्या सहीने तिथे सापडतं. रजिस्टर घरी न्यायला मागू नका, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि शाळेतच बसून नावं उतरवा. जात, जन्मतारीख, गुण हे काही छापायचं नाही. फक्त नाव आणि पुढे काय झालं.

आता मुख्य मुद्दा. माझ्या शाळेचं रजिस्टर मी वर्षानुवर्षं हाताळलंय. ७१-७२ च्या पानांवर लढाईची एक ओळ नाही. पण पुढची पानं उलटा. १९७२-७३. शाळा सोडल्याचं कारण, या रकान्यात खाली खाली तेच: पालकांचे स्थलांतर, घरची अडचण, पालकांचे स्थलांतर. तो दुष्काळ आहे. अकरावी कशीबशी झालेली मोठी भावंडं आणि शाळेतून काढलेली धाकटी भावंडं, एकाच घरातली. तुमच्या वर्गाला कशाने मोडलं, हे तुम्हाला डिसेंबर ७१ मध्ये सापडणार नाही.

नाना_दोंडाईचा
बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

मार्चमध्ये परीक्षा दिली, जूनमध्ये निकाल. मला चांगले गुण होते. धुळ्याला पी.डी.ला नाव घातलं. तेव्हा आमची सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, बारावी वगैरे नव्हती, प्री-डिग्री होती. वर्गातले आम्ही मोजके कॉलेजात गेलो. आणि पाऊस आलाच नाही. शिंदखेडा, साक्री, आमचा भाग, आधीच कमी पावसाचा. दिवाळीला घरी आलो तर बैल विकलेले. मी परत गेलोच नाही. मॅट्रिक पास पोरगा म्हणून मला दुष्काळी कामावर मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहायला घेतलं. माझ्याच वर्गातली दोन पोरं समोर खडी फोडत होती, त्यांची नावं मी हजेरीत लिहायचो. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर सुकडी. कित्येक घरं सुरत-नवसारीकडे निघून गेली, त्यातली काही परत आली नाहीत.

सांगायचं म्हणजे, डिसेंबरमध्ये आम्ही त्या नकाशासमोर उभे राहून काय काय होणार ते ठरवत होतो. कुणी पायलट, कुणी नेव्हीत. आम्हाला वाटलं, लढाई जिंकली म्हणजे आता सगळं होईल. लढाईने आमचं काही घेतलं नव्हतं, उलट छाती भरून दिली होती. पुढच्या वर्षी पावसाने ते सगळं परत घेतलं. म्हणून आम्ही लोकांना फक्त रेडिओ आणि साखर सांगतो. ते तेरा दिवस बरे होते. त्याच्यापुढचं सांगायला जीव होत नाही.

बुराईकाठची
नाना... आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिच्या बाकावरची मैत्रीण त्याच सालात सुरतेला गेली, आणि तिचा पुढे पत्ता नाही.
मला वाटतं, स्मरणिका '७१ ची बॅच' म्हणून न काढता ७१ ते ७३ अशी काढावी.

अभ्यासू_धुळेकर
अनुमोदन. आणि दुष्काळाच्या आठवणी घेताना घाई करू नका. पहिल्या भेटीत लढाई विचारा, दुसऱ्या भेटीत पाऊस.

झोका
सगळं वाचलं. सगळ्यांचं छान आहे. आता माझं ऐका.

हा एवढा धागा झाला, त्यात मुली कुठे आहेत? मोजे विणले एवढ्या एका ओळीत. मी पारोळ्याची, ७३ ला मॅट्रिक. आमच्या वर्गात मुली थोड्या होत्या, पण होत्या. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर आमच्यातल्या बहुतेकींची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली. दुष्काळात तर आणखी घाईने झाली. घरात एक खाणारं तोंड कमी, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं. माझ्या मैत्रिणीचे पेपर संपले आणि आठ दिवसांत साखरपुडा. तिला ७१ मध्ये नर्स व्हायचं होतं, जवानांची सेवा करायची होती. तिने ते वहीत लिहून ठेवलं होतं आणि ती वही मला दाखवली होती.

रजिस्टरबाबा म्हणतात नावं उतरवा. मुलांची नावं उतरवून ती मुलं सापडतील. मुलींची सापडणार नाहीत. आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं. वडिलांच्या नावाने नोंदलेली मुलगी सासरी दुसऱ्याच नावाने म्हातारी झाली. तिला शोधायचं तर एकच वाट आहे, माहेर. भाऊ-भावजय, नाहीतर भाच्याला विचारा.

आणि कार्यक्रम १६ डिसेंबरला ठेवलात तर तुमच्याकडे टोप्या घातलेले नाना आणि आप्पाच जमतील. डिसेंबरमध्ये कपाशी वेचणीला आलेली असते, सासरचं घर सोडून सत्तरीची बाई कोण पाठवतो? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठेवा. आखाजीला खानदेशातली बाई सत्तरची असो की सतराची, माहेरी येते. भाऊ न्यायला येतो. तुम्हाला गावोगाव फिरावं लागणार नाही, त्या स्वतः गावात असतील.

सातपुडा_पाहुणी
झोकाताई, शंभर टक्के!

प्रतापकर
आखाजीला ऊन किती असतं? एप्रिल-मे मध्ये सत्तरीच्या माणसांना शाळेच्या पत्र्याखाली बसवणार? आणि विजय दिवसाचं महत्त्व आहे हो, ते असं सोडून कसं चालेल?

झोका
सकाळी सातला ठेवा, नाहीतर संध्याकाळी ओट्यावर. आम्ही उन्हाळ्यात याच गावात वाढलो, भाऊ. विजय दिवसाला तुम्ही शाळेच्या मुलांना भाषण द्या, मी ऐकायला येते. पण वर्ग जमवायचा असेल तर अर्धा वर्ग बाहेर ठेवून जमत नाही.

प्रतापकर
ठीक. सकाळी सात. १६ डिसेंबरला शाळेत नकाशा लावून मुलांना सगळा क्रम समजावून सांगायची जबाबदारी माझी. अंमळनेरहून येतो.

जंक्शनवाला
मी भावाला घेऊन येतो. तो शिंदखेड्याचा नाही, पण चर कसे खणले ते सांगेल.

केळीचा घड
आखाजीला भरीत मिळणार नाही, चांगली वांगी तोवर संपलेली असतात. आमरस, सांजोऱ्या करा. केळी माझ्याकडून, दोन कॅरेट.

माणिकचौक
४२ चं एक पान द्याल ना? वडिलांची पिढी म्हणून. मी लिहून देतो, मोठं नाही करणार.

बुराईकाठची
माणिकचौकदादा, नक्की. तुमच्या वडिलांचं झोपाळ्यावरचं बोलणं तसंच्या तसं लिहा.

ठरलं तर. कार्यक्रम आखाजीला, सकाळी सात वाजता, शाळेच्या अंगणात. मुख्याध्यापकांना परवानगीचा अर्ज सोमवारी देते. रजिस्टरमधली नावं मिळाली की फक्त मुलींची माहेरची नावं आणि गल्ली, एवढीच यादी गावातल्या गटावर टाकणार आहोत. इथे नाही टाकणार, कुणाची खाजगी माहिती उघड्यावर नको. शिंदखेड्याच्या १९७२ च्या बॅचमधली कुणाची आई, आत्या, मावशी, काकू असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. सासर कुठलंही असो, सुरत असो की नवसारी. आईच्या बाकावरची मैत्रीण वाणी गल्लीतली होती, दोन वेण्या घालायची आणि इंग्रजीत पहिली यायची. सुरतेकडच्या मंडळींनी जरा चौकशी करा.

उधनावाला
ताई, मी सुरतेला उधन्यात राहतो. आमच्या सोसायटीत शिंदखेडा-दोंडाईच्याकडची आठ-दहा घरं आहेत, दुष्काळातच आलेली. रविवारी सगळ्या म्हाताऱ्यांना विचारतो. आईचं माहेरचं नाव मला निरोपात कळवा.